जीआरईच्या पडद्यावरचा कॅल्क्युलेटर: सरळव्याजाच्या गणितांत कितपत कामाचा?

जीआरई या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेच्या क्वांट, म्हणजे गणिताच्या, विभागात स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही. परीक्षा घेणारी संस्था ईटीएस पडद्यावर जो देते त्यावरच भागवायचे, आणि तोही फक्त याच विभागात मिळतो. सरळव्याजाची शाब्दिक उदाहरणे सोडवताना तो कुठे खरोखर मदतीला येतो आणि कुठे हातातले गुण घालवतो, एवढ्यापुरताच हा आढावा आहे. भूमिती किंवा तक्ते वाचण्याच्या प्रश्नांत त्याचे मोल वेगळे ठरू शकेल.

निकाल आधीच सांगून टाकतो. मांडणी पक्की झाल्यावर शेवटचा गुणाकार-भागाकार उरकायला हा कॅल्क्युलेटर चांगला आहे, अगदी निःसंकोच वापरावा असा. मांडणी व्हायच्या आधी उघडला तर मात्र वेळ जातोच, शिवाय चुकलेले उत्तरही चार दशांशांसह इतके ठाम दिसते की संशयसुद्धा येत नाही. सरळव्याजात अवघड आकडेमोड जवळजवळ नसतेच. चुका होतात त्या मुद्दल आणि रास (मुद्दल अधिक व्याज) यांची गल्लत, महिने आणि वर्षे यांची सरमिसळ आणि शेकड्याचा १०० विसरणे या तीन जागी. तिथे कोणताही कॅल्क्युलेटर वाचवू शकत नाही.

सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा आटोपशीर झाली आहे. क्वांटचा पहिला भाग १२ प्रश्न आणि २१ मिनिटांचा, दुसरा १५ प्रश्न आणि २६ मिनिटांचा. म्हणजे एका प्रश्नाला साधारण पावणेदोन मिनिटे. सरळव्याजाचा प्रश्न त्याहून लवकर संपायला हवा, कारण इथे वाचवलेली मिनिटे पुढे एखाद्या किचकट प्रश्नाला लागतात. कॅल्क्युलेटर उघडणे, खिडकी प्रश्नावरून बाजूला सरकवणे, आकडे घालणे, ते एकदा ताडून पाहणे, यात बराच वेळ मोडतो. तो कुठे खर्च करायचा हे आधी ठरवलेले बरे.

यंत्र साधे आहे. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्गमूळ, चिन्ह बदलण्याची कळ, कंसांच्या दोन कळा, मेमरीच्या तीन कळा (एम+, एमआर, एमसी), सगळे पुसणारी ‘सी’, शेवटचा आकडा पुसणारी ‘सीई’ आणि खाली ‘ट्रान्सफर डिस्प्ले’ नावाची कळ. घाताची कळ नाही. आणि सरळव्याजाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे टक्क्यांची कळ नाही.

ही कळ नसणे सुरुवातीला खटकते. साध्या कॅल्क्युलेटरवर ७२०० × ४.५ % असे दाबायची बोटांना सवय असते. इथे १०० ने भागणे स्वतः करावे लागते आणि ते करायचे दोन मार्ग आहेत: दर दशांशात लिहायचा, किंवा १०० खाली ठेवायचा. ईटीएसच्या गणित-उजळणीत सरळव्याजाचे सूत्र दुसऱ्या पद्धतीने दिले आहे:

रास = मुद्दल × (१ + दर × वर्षे ÷ १००)

आपल्या शाळेतल्या द.सा.द.शे.च्या सूत्राशी हे तंतोतंत जुळते, आणि तीच सवय कायम ठेवावी असे आमचे स्पष्ट मत आहे. ४.५ टक्क्यांचे दशांशात रूपांतर करताना घाईत ०.४५ लिहिले जाते, ०.७५ टक्क्यांचे ०.७५ च राहते. १०० खाली ठेवला की दर प्रश्नात जसा छापलाय तसाच टंकता येतो. मुदत महिन्यांत असेल तर १०० च्या जागी १२०० येतात, बस्स.

उदाहरणार्थ, ७२०० डॉलर ४.५ टक्के दराने ८ महिन्यांसाठी गुंतवले तर सरळव्याज किती?

७२०० × ४.५ × ८ ÷ १२०० = २१६

कॅल्क्युलेटरवर हे एका ओळीत होते आणि उत्तर स्वच्छ येते. आता तेच दुसऱ्या वाटेने पाहा. आधी ८ ÷ १२ केले, पडद्यावर ०.६६६६६६७ दिसले, ते कागदावर उतरवले, मग ७२०० × ०.०४५ चे ३२४ काढून त्या दशांशाने गुणले. उत्तर २१६.००००१ सारखे काहीतरी येते. कागदावर उतरवताना ०.६७ केले असेल तर २१७.०८, आणि ०.६६ केले असेल तर २१३.८४. पर्यायांतून निवडायचे असेल तर जवळचा आकडा बघून सुटका होईल. रिकाम्या पेटीत उत्तर भरायचे असेल आणि अचूक उत्तर मागितले असेल, तर नाही. या यंत्राच्या पडद्यावर आठच आकडे मावतात, म्हणून भागाकार नेहमी शेवटी. अपवाद एकच, तो पुढे येतो.

खरे तर हे उदाहरण तोंडीही होते: ७२०० चा १ टक्का ७२, साडेचार टक्के ३२४, त्याचे दोन तृतीयांश २१६. आठ महिने म्हणजे दोन तृतीयांश वर्ष हे ज्याला चटकन दिसते त्याचे उत्तर कॅल्क्युलेटरची खिडकी उघडेपर्यंत तयार असते.

क्रियांच्या क्रमाबाबत मात्र या यंत्राची मनापासून तारीफ करायला हवी. ५००० डॉलरची ६ टक्क्यांनी ३ वर्षांनंतरची रास काढायला

५००० + ५००० × ६ × ३ ÷ १००

असे सलग टंकले तर ५९०० येतात, कारण गुणाकार-भागाकार आधी आणि बेरीज नंतर हा नियम ते पाळते. टेबलावरचे कित्येक साधे कॅल्क्युलेटर जसे दाबाल तसे डावीकडून उजवीकडे करत जातात. त्यांच्यावर हीच ओळ १८०० दाखवते: आधी ५००० अधिक ५०००, मग पुढचे सगळे. घरी अशा यंत्रावर सराव केला असेल तर सवय मोडावी लागेल. मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरवर सराव करणाऱ्यांची अडचण उलटी असते, तिथे टक्क्यांची कळ आयती मिळते. दोन्ही बाबतीत उपाय एकच: ईटीएसच्या पॉवरप्रेप ऑनलाइनमध्ये दोन सराव परीक्षा फुकट आहेत आणि त्यांत परीक्षेतलाच कॅल्क्युलेटर आहे. सराव त्यावरच करावा.

कंस हवेत ते दर किंवा मुदत काढताना. ४८०० डॉलरची अडीच वर्षांत ५३४० डॉलर रास झाली, तर सरळव्याजाचा दर किती? व्याज ५३४० − ४८०० = ५४०. मग

दर = ५४० × १०० ÷ (४८०० × २.५) = ४.५

कंस न घालता ५४००० ÷ ४८०० × २.५ असे टंकले तर २८.१२५ येतात. यंत्राची यात काही चूक नाही. भागाकार आणि गुणाकार समान मानाचे, म्हणून ते डावीकडून उजवीकडे गेले. छेदात दोन आकडे असले की कंस, किंवा दोनदा भागणे: ५४००० ÷ ४८०० ÷ २.५. दोनदा भागण्यात कळाही कमी लागतात आणि कंस बंद करायला विसरण्याचा प्रश्नच उरत नाही. आम्हाला तरी हीच रीत जास्त भरवशाची वाटते.

याच उदाहरणात दुसरा खड्डा आहे, आणि त्यात जास्त जण पडतात. ५४० च्या जागी अख्खी रास, म्हणजे ५३४०, सूत्रात घातली तर ४४.५ टक्के येतात. आकडा बघूनच शंका यायला हवी. अडीच वर्षांत ४८०० चे ५३४० झाले, म्हणजे वाढ मुद्दलाच्या नवव्या हिश्शाइतकी, साधारण ११ टक्के. वर्षाला चार-साडेचार टक्क्यांच्या आसपासच उत्तर हवे. हा अंदाज कॅल्क्युलेटर उघडण्याआधी कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवला तर २८.१२५ आणि ४४.५ दोन्ही जागच्या जागी पकडले जातात. आमच्या मते या यंत्राबरोबर वापरायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे आणि ती यंत्रात नाही.

आता तो अपवाद. पडद्यावर आठच आकडे मावतात म्हणून ९९,९९९,९९९ च्या पुढे उत्तर गेले की तिथे ‘एरर’ येतो. मधल्या पायरीतही येतो, आणि लोक गोंधळतात ते इथेच. समजा प्रश्न असा आहे: २,५००,००० डॉलरवर ६.४ टक्क्यांनी ९ महिन्यांचे सरळव्याज. (परीक्षेत स्वल्पविराम तीन-तीन आकड्यांनी पडतो, हा आकडा २५ लाखांचा आहे. लाखाच्या सवयीने वाचताना एखादे शून्य कमी-जास्त होते, म्हणून शून्ये बोटाने मोजावीत.) वरच्या नियमाप्रमाणे भागाकार शेवटी ठेवला तर २५००००० × ६.४ झाले १६०००००० आणि त्याला ९ ने गुणताच आकडा १४ कोटींच्या पुढे, म्हणजे एरर. उत्तर स्वतः फक्त १,२०,००० आहे, तरीही.

सुटका सोपी आहे. मोठ्या मुद्दलाला आधी १०० ने भागून घ्या, दोन शून्ये उडतात आणि काही अपूर्णांक उरत नाही:

२५००० × ६.४ × ९ ÷ १२ = १,२०,०००

म्हणजे नियम असा झाला: १०० ने भागणे आधी चालते, कारण त्यात दशांशचिन्ह फक्त सरकते. १२ ने, ३ ने, ७ ने भागणे मात्र शेवटी, कारण तिथे शेपूट निघू शकते.

‘ट्रान्सफर डिस्प्ले’ ही कळ या यंत्राची खासियत. पडद्यावरचा आकडा ती थेट उत्तराच्या पेटीत टाकते, त्यामुळे उतरवताना होणारी चूक टळते. एकच पेटी असलेल्या, उत्तर टंकायच्या प्रश्नांतच ती चालते. कळ उपयोगी आहे, पण ती डोळे झाकून काम करते. पडद्यावर जे आहे ते जसेच्या तसे जाते, आणि सरळव्याजात त्यामुळे दोन ठिकाणी फसगत होते.

पहिले म्हणजे पूर्णांकन. १८५० डॉलरवर ३.७५ टक्क्यांनी ७ महिन्यांचे व्याज, उत्तर जवळच्या सेंटपर्यंत द्या:

१८५० × ३.७५ × ७ ÷ १२०० = ४०.४६८७५

कळ दाबली की पेटीत ४०.४६८७५ जाते. मागितले होते ४०.४७. जवळच्या डॉलरपर्यंत मागितले असते तर ४०. पूर्णांकन एकदाच आणि शेवटी करायचे. आधी ४०.४७ आणि मग त्यावरून पुढचे, अशी उतरंड लावली की काही आकड्यांत उत्तर सरकते. ‘जवळच्या’ हा शब्द दिसला की ट्रान्सफर डिस्प्ले विसरा आणि हाताने टंका.

दुसरे म्हणजे एकक. वरच्या दराच्या उदाहरणात पेटीच्या शेजारी टक्क्याचे चिन्ह छापलेले असेल तर पेटीत ४.५ जायला हवे. दशांशाच्या पद्धतीने गणित केले असेल तर पडद्यावर ०.०४५ उभा असतो, आणि कळ तोच टाकते. सगळे गणित बरोबर, उत्तर चूक. १०० खाली ठेवण्याच्या पद्धतीत दर थेट टक्क्यांतच निघतो, तिच्या बाजूने हा आणखी एक मुद्दा. पेटीजवळ डॉलरचे चिन्ह आहे का, प्रश्न वर्षे विचारतोय की महिने, हेही कळ दाबण्याआधी पाहायचे.

उत्तर अपूर्णांकात मागितले तर अंश आणि छेद अशा दोन पेट्या येतात आणि तिथे ही कळ चालत नाही. ६ टक्के दराने ५ वर्षांनी रासेचा कितवा भाग व्याज असेल? मुद्दल १०० धरा: व्याज ३०, रास १३०. ३० आणि १३० असेच भरले तरी चालते, संक्षिप्त रूप ३/१३ द्यायची सक्ती नाही. कॅल्क्युलेटरवर ३० ÷ १३० करून ०.२३०७६९२ बघत बसलात तर तिथून परत अपूर्णांकाकडे येणे हा फुकटचा व्याप.

मेमरीच्या कळा बहुतेक जण हातही लावत नाहीत. सरळव्याजात एका प्रकारच्या प्रश्नाला त्या फार छान बसतात: रक्कम दोन दरांत विभागलेली असते तेव्हा. १०,००० डॉलरपैकी काही ५ टक्क्यांनी आणि बाकीचे ८ टक्क्यांनी गुंतवले, वर्षाचे एकूण सरळव्याज ६२० डॉलर. ८ टक्क्यांत किती होते?

समीकरण मांडता येते, पण तोंडी रीत जास्त वेगवान आहे. सगळेच ५ टक्क्यांत असते तर व्याज ५०० झाले असते. प्रत्यक्षात १२० जास्त आले. ५ मधून ८ मध्ये हलवलेल्या प्रत्येक १०० डॉलरमागे ३ डॉलर जास्त मिळतात. १२० ÷ ३ = ४०, म्हणजे असे ४० शेकडे: ४००० डॉलर. ताळा करायला कॅल्क्युलेटर घ्या: एमसी, मग ६००० × ५ ÷ १०० = आणि एम+, मग ४००० × ८ ÷ १०० = आणि एम+, शेवटी एमआर. ६२० दिसले की उत्तर पक्के. पर्याय दिलेले असतील तर हाच क्रम उलटाही वापरता येतो: मधला पर्याय घालून पाहायचा, बेरीज ६२० पेक्षा कमी आली तर ८ टक्क्यांतली रक्कम वाढवायची. समीकरणात अडकलेल्यांसाठी ही बरी वाट आहे.

धोका एवढाच की मेमरीत मागच्या वेळचा आकडा राहिलेला असू शकतो. एम+ पुसत नाही, भर घालते. आधी एमसी दाबायची सवय नसेल तर ६२० च्या जागी भलताच आकडा येतो आणि बरोबर उत्तर चूक समजून खोडले जाते.

यंत्राची स्तुती इथवर. सरळव्याजाचे असे कितीतरी प्रश्न असतात जिथे ते उघडणेच चूक आहे, आणि त्यांच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवे, कारण वेळ वाचतो तो याच प्रश्नांत.

मुद्दल दिलेलेच नसते तो पहिला प्रकार. सरळव्याजाने एक रक्कम ८ वर्षांत दुप्पट होते, तिप्पट व्हायला एकूण किती वर्षे? दुप्पट म्हणजे व्याज मुद्दलाइतके, त्याला ८ वर्षे लागली. तिप्पट म्हणजे व्याज मुद्दलाच्या दुप्पट, म्हणून १६. दर किती, मुद्दल किती, काही काढायचे नाही. दर देऊन मुदत विचारली तरी तसेच: ८ टक्क्यांनी तिप्पट व्हायला २०० ÷ ८ = २५ वर्षे.

दोन वेगवेगळ्या वेळच्या राशी दिल्या असतात तो दुसरा. ३ वर्षांनी ५७५० आणि ५ वर्षांनी ६२५०. मधल्या २ वर्षांत ५०० वाढले, वर्षाला २५०. तीन वर्षांचे ७५० मागे घेतले की मुद्दल ५०००, आणि २५० म्हणजे ५००० चे ५ टक्के. सूत्रात दोन अज्ञात घालून भागाकार करत बसणारा इथे दोन मिनिटे घालवतो. सरळव्याज दर वर्षी सारखेच वाढते, एवढे एक सत्य घट्ट धरले की असे प्रश्न वजाबाकीवर सुटतात.

दरातल्या फरकाचे प्रश्नही याच जातीचे. दर २ टक्केबिंदूंनी जास्त असता तर ३ वर्षांत ३६० डॉलर व्याज जास्त मिळाले असते, तर मुद्दल किती? मूळ दर लागतच नाही. जास्तीचे व्याज मुद्दलाच्या ६ टक्के, म्हणून मुद्दल ६०००. इथे वाचन मात्र काटेकोर हवे. ५ टक्के दर २ टक्केबिंदूंनी वाढला तर ७ होतो. तोच दर २ टक्क्यांनी वाढला तर ५.१ होतो.

दोन राशींची तुलना करायचे प्रश्न तर कॅल्क्युलेटरची सवय लागलेल्यांसाठी खास सापळे असतात. एकीकडे ३००० डॉलरवर ६ टक्क्यांनी ४ वर्षांचे सरळव्याज, दुसरीकडे ४००० डॉलरवर ४.५ टक्क्यांनी ४ वर्षांचे. ४ वर्षे दोन्हीकडे, खोडा. १०० दोन्हीकडे, खोडा. हजारही खोडा. उरले ३ × ६ आणि ४ × ४.५, दोन्ही १८. समान. व्याज प्रत्यक्षात ७२० आहे हे कोणी विचारलेलेच नव्हते.

सगळी लागू पडणारी उत्तरे निवडा, असा प्रकारही येतो. २५०० डॉलरवर ३ वर्षांचे सरळव्याज, दर ४ टक्क्यांहून जास्त आणि ६ टक्क्यांहून कमी. व्याज यांपैकी काय असू शकेल: २८०, ३१०, ४२०, ४५०, ४६०? प्रत्येक पर्यायाचा दर काढायला गेलात तर पाच भागाकार. दोन्ही टोके काढलीत तर दोनच तोंडी गुणाकार: ३०० आणि ४५०. ‘कमी’ म्हटले आहे, ‘पर्यंत’ नाही, म्हणून ४५० बाहेर. उत्तरे ३१० आणि ४२०.

चक्रवाढ शेजारी आले की यंत्राची मर्यादा उघड दिसते, कारण घाताची कळ नाही. १००० डॉलरवर ६ टक्क्यांनी २ वर्षांचे सरळव्याज १२०, वर्षाला एकदा आकारलेले चक्रवाढ १२३.६०. फरक ३.६०, म्हणजे पहिल्या वर्षीच्या ६० डॉलर व्याजावरचे ६ टक्के. दोन वर्षांसाठी १.०६ × १.०६ टंकणे सोपे आहे, तीन वर्षांपर्यंतही जमते. उलट दिशेला वर्गमूळाची कळ कामी येते: दोन वर्षांत १००० चे ११२३.६० झाले, तर १.१२३६ चे वर्गमूळ १.०६, म्हणून दर ६ टक्के. पण दरमहा आकारणीची आठ वर्षे या यंत्रावर गुणत बसणे व्यर्थ आहे. तसा प्रश्न आला तर पर्यायांत उत्तर घातांकाच्या रूपातच असण्याची शक्यता जास्त, म्हणून आधी पर्याय पाहावेत.

आणि तुलनेच्या प्रश्नात मुदत नुसती ‘काही पूर्ण वर्षे’ अशी दिली असेल, मुद्दल आणि दर दोन्हीकडे सारखे असतील, एकीकडे सरळव्याज आणि दुसरीकडे वर्षाला एकदा आकारलेले चक्रवाढ असेल, तर बहुतेक जण चक्रवाढ मोठे म्हणून मोकळे होतात. पहिल्या वर्षाअखेरीस दोन्ही व्याजे सारखीच असतात. दुसऱ्या वर्षापासून चक्रवाढ पुढे जाते. म्हणून मुदत एक वर्ष असू शकत असेल तर योग्य पर्याय ‘दिलेल्या माहितीवरून ठरवता येत नाही’ हा. ५ वर्षे धरून कॅल्क्युलेटरवर कितीही काळजीपूर्वक गणित केले तरी हे दिसणार नाही. १ घालून पाहिले की लगेच दिसते.

घरून परीक्षा देणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक सूचना. तिथे साधा कोरा कागद चालत नाही, लहान पांढरा फलक किंवा पारदर्शक आवरणातला कागद आणि पुसता येणारे पेन एवढीच मुभा असते. जागा थोडी असते म्हणून लोक सगळेच कॅल्क्युलेटरवर करायला जातात आणि मधले आकडे हरवतात. फलकावर मुद्दल, दर, मुदत, व्याज अशा चार जागा आखून घ्याव्यात, प्रश्न वाचतानाच ज्या कळल्या त्या भराव्यात, मुदत तिथेच वर्षांत किंवा १२०० च्या हिशेबात बदलून लिहावी, आणि रास दिली असेल तर ती बाजूला, चौकटीबाहेर. रिकामी राहिलेली जागा म्हणजे काय काढायचे ते. कॅल्क्युलेटर उघडायचा तो यानंतर, आणि चार जागांमध्ये अंदाजाने सुटणारे काही नसेल तरच.